नाशिकहून नेपाळच्या शाळेत: स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला जाताना

वैशाखाच्या तोंडावर मी नाशिकरोडला काशी एक्स्प्रेसमध्ये बसले आणि चौथ्या दिवशी सकाळी नेपाळच्या स्यांगजा जिल्ह्यातल्या एका डोंगरावरच्या शाळेत प्रार्थनेला उभी होते. त्याआधी नऊ वर्षं नाशिकच्या एका शाळेत मी पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवलं होतं. नेपाळात सात महिने राहिले, पगार घेतला नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतःचा केला. परत आल्यापासून डी.एड. झालेल्या मुली, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका, कॉलेजरोडवर क्लास घेणारे तरुण, असे बरेच जण विचारायला येतात. प्रत्येकाला तेच सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे. मला नेपाळ माहीत आहे, त्यामुळे उदाहरणं तिथली आहेत. कंबोडियाला किंवा थायलंडला निघालेल्यांना व्हिसा-कागदांचा भाग वेगळा पडेल. घरात आणि वर्गात कसं राहायचं, ते मात्र फारसं बदलणार नाही.

निघायच्या आधी, नाशिकमध्येच

पहिला प्रश्न वेळेचा. तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर शिकवायला जाऊ नका, फिरायला जा. मुलांच्या कानाला तुमचे उच्चार सरावायलाच महिना लागतो. शिवाय तुमच्यासाठी शाळा वेळापत्रक हलवते, कुणाचे तरी तास काढून तुम्हाला देते. पंधरा दिवसांनी तुम्ही निघून गेलात की ती घडी पुन्हा बसवायची कुणी?

दुसरं काम सरावाचं. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गाचा अनुभव तिथे अर्धाच कामाला येतो. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबक तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी काढून महिनाभर शिकवून बघा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण घरी कोकणा बोली, शाळेत मराठी आणि त्यावर इंग्रजी, अशी तिसरी भाषा शिकणारं मूल कसं अडतं आणि कशाने मोकळं होतं, ते तिथेच दिसतं. स्यांगजात माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा मगर किंवा गुरुङ होती, शाळेची नेपाळी, आणि इंग्रजी तिसरी. सुरगाण्यात काढलेला तो एक महिना मला तिथे रोज उपयोगी पडला. परदेशी शिकवण्यासाठीचा १२० तासांचा टेफल कोर्स केलात तर चांगलंच, पण कोर्स आणि हा महिना यांतलं एकच जमणार असेल तर महिना निवडा.

तिसरं, नेपाळी ऐका. नाशिकमध्ये हॉटेलांत, सोसायट्यांत, चायनीजच्या गाड्यांवर काम करणारी नेपाळी माणसं आहेत. आमच्या सोसायटीतले एक दाजू, म्हणजे दादा, मला रोज संध्याकाळी दहा मिनिटं शिकवायचे. त्यांनी सगळ्यात आधी शिकवलं ते ‘बुझिनँ’, म्हणजे समजलं नाही. त्यानंतर ‘बिस्तारै भन्नुस् न’, हळू सांगा ना. एवढ्यावर पहिला आठवडा निभतो.

शाळा कशी शोधायची

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

मी आधी इंटरनेटवरच्या एका मध्यस्थाला पंधरा हजार रुपये भरले होते. शाळेचं नाव मिळालं, डोंगराचा फोटो मिळाला. शाळेच्या हेडसरांशी फोनवर बोलायचं आहे असं म्हटलं की मात्र ‘पोचल्यावर बोला’ हेच उत्तर. शेवटी मीच शाळेचा नंबर मिळवून फोन केला, तर त्यांना माझ्या येण्याचा पत्ताच नव्हता. पैसे गेले. तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे: पैशांचा विषय निघण्याआधी शाळेच्या मुख्याध्यापकांशी आणि शक्यतो इंग्रजीच्या शिक्षकांशी थेट बोलणं झालं पाहिजे. त्यांना विचारा, तुम्हाला माणूस हवा आहे का, कोणत्या वर्गाला, आणि मी आले तर सध्याचे शिक्षक काय करतील? शेवटच्या प्रश्नावर ‘ते सुटतील’ असं उत्तर आलं तर आणखी बोलणं करा. त्याचं कारण पुढे सांगते.

नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेनंतर शालेय शिक्षण स्थानिक सरकारांकडे आलं. खेड्यातली सरकारी शाळा, तिकडच्या भाषेत सामुदायिक विद्यालय, ही गाउँपालिकेच्या अखत्यारीत असते. तिथल्या शिक्षा शाखेला, म्हणजे शिक्षण विभागाला, तुमच्या येण्याची माहिती असावी आणि शाळेकडून तुमच्या हातात एक पत्र असावं: कोण, कुठून, किती महिने, काय काम, राहायची सोय कुठे. संस्थेमार्फत जाणार असाल तर ती समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का, ते विचारून घ्या. आपल्याला, म्हणजे भारतीयांना, नेपाळात व्हिसा लागत नाही. इतर देशांच्या लोकांना पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही. व्हिसा लागत नाही म्हणून कागदही लागत नाही, असं समजू नका. कुणी विचारलं तर दाखवायला ते पत्रच कामाला येतं.

‘बालगृहात मुलांना इंग्रजी शिकवा, त्यांच्यासोबत राहा’ अशा जाहिरातींना कृपा करून हो म्हणू नका. नेपाळातल्या बालगृहांतल्या कितीतरी मुलांचे आईवडील हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून मुलांना डोंगरातल्या घरांतून आणलं जातं आणि बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांच्या पैशांवर हा कारभार चालतो, हे वारंवार उघडकीला आलेलं आहे. आपण चांगल्या मनाने दिलेले पैसे एखाद्या मुलाला आईपासून लांब ठेवायला वापरले जावेत, याहून वाईट काय असेल? आईवडिलांच्या घरून येणाऱ्या मुलांच्या शाळेतच जा.

ओळखपत्र, पैसे, फोन

पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, यांपैकी एक मूळ प्रत हवीच. १५ ते ६५ वयाच्या माणसाला फक्त आधार कार्डावर मुंबईहून काठमांडूच्या विमानात बसू देत नाहीत. मी रेल्वेने गेले तरी पासपोर्टच नेला. तो आपल्याच नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला असतो, हे तिथे कुणाला सांगितलं की हातात घेऊन बघायचे. आणखी एक गोष्ट सांगितली की म्हातारी माणसं खूश व्हायची: १९४५ साली नेपाळने पहिल्यांदा कागदी नोटा काढल्या, त्याही नाशिकच्याच प्रेसमध्ये छापल्या होत्या.

भारतीय १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. बाजारात ‘आयसी की एनसी’ असं विचारतात, म्हणजे भारतीय पैसे की नेपाळी. सांगितलेली किंमत कोणत्या रुपयांतली आहे, ते प्रत्येक वेळी विचारून घ्या. भारतीय नोटा नेताना शंभरच्या न्या. त्याहून मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेले आहेत, निघायच्या आठवड्यात बँकेत विचारा. २०२४ पासून नेपाळात दुकानांमधल्या फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालू झालंय. हे फोनपे नेपाळचं वेगळं आहे, आपल्याकडच्या ॲपचं फक्त नाव सारखं. शहरात याचा उपयोग होतो. डोंगरावर रेंज गेली की सगळं अडतं, म्हणून महिनाभराची रोख जवळ ठेवा. माझा राहण्या-जेवण्याचा खर्च महिन्याला १२ हजार नेपाळी, म्हणजे साडेसात हजार भारतीय रुपये होता. तो मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, त्यांच्या पहिल्या तारखेला, ज्या घरी राहत होते तिथल्या आमांच्या, म्हणजे आईंच्या, हातात देत असे.

त्यांची पहिली तारीख वेगळी असते. नेपाळात सगळा व्यवहार विक्रम संवताने चालतो. हजेरीपट, परीक्षा, सुट्ट्या, मुलांची जन्मसालं, सगळं. आपल्या इसवी सनापेक्षा ते ५६-५७ वर्षांनी पुढे असतं, आणि महिने सौर असल्यामुळे त्यांचा वैशाख एप्रिलच्या मध्याला सुरू होतो, आपला वैशाख कधीही लागो. शाळेचं नवं वर्षही तेव्हाच सुरू होतं. पोचल्याच दिवशी एक भित्ते पात्रो, म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, विकत घ्या. त्यावर दोन्ही तारखा असतात.

सिम कार्ड तिथलंच घ्या, नेपाळ टेलिकॉमचं किंवा एनसेलचं. ओळखपत्राची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो जवळ असू द्या. गावात कोणत्या कंपनीची रेंज येते ते, ज्या घरी राहणार तिथल्या माणसांना आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, त्यामुळे पंधरा दिवसांत दुसरं कार्ड घ्यावं लागलं. पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, आपल्याकडेही तोच नंबर आहे.

प्रवासाचं थोडक्यात: नाशिकरोडहून गोरखपूर, तिथून बसने किंवा जीपने सुनौली, सीमा पायी ओलांडून पलीकडे बेलहिया आणि पुढे भैरहवा. तिथून बुटवल, पाल्पा करत सिद्धार्थ राजमार्गाने पोखऱ्याच्या दिशेने. पावसाळ्यात हा रस्ता पहिरो, म्हणजे दरडी, कोसळून तासन्‌तास बंद पडतो. रात्रीची बस टाळा. नेहमीची औषधं सोबत घ्या, टायफॉइड आणि हिपॅटायटिसच्या लसींबद्दल डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला.

घरात रुळणं

लिपी देवनागरी, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळ्या पाट्या वाचता येतात. याचा मोठा आधार वाटतो आणि इथेच गोंधळही होतो. हेडसर म्हणाले, गाउँपालिकेच्या शिक्षा शाखेत जाऊन या, तेव्हा मी क्षणभर बघतच राहिले. त्यांची शिक्षा म्हणजे आपलं शिक्षण. बहिनी म्हणजे धाकटी बहीण, आपली वहिनी नाही. त्यांचा दाइ थोरला भाऊ असतो आणि बुवा म्हणजे वडील. पहिल्या रात्री आमांनी ताट वाढून विचारलं, ‘मिठो छ?’ मला वाटलं मिठाचं विचारताहेत, मी म्हटलं, थोडं कमी आहे. त्यांचा चेहरा उतरला. मिठो म्हणजे चवदार. धाकट्या मुलीने समजावून सांगितल्यावर मी आमांचे हात धरून तीन वेळा ‘मिठो छ’ म्हटलं. असे शब्द एका छोट्या वहीत लिहीत जा.

सगळ्यात जपायची ती संबोधनं. मराठीत आपण आईला, मोठ्या बहिणीला, देवालाही ‘तू’ म्हणतो. ती सवय घेऊन नेपाळीत ‘तँ’ म्हटलंत तर अपमान होतो. मोठ्यांना ‘तपाईं’, मुलांना ‘तिमी’, आणि कुणी हाक मारली की ‘हजुर’. माणसांना नावाने हाक मारू नका. दाइ, दिदी, भाइ, बहिनी, आमा. कोणाला काय म्हणायचं ते वयावरून ठरतं, अंदाज येत नसेल तर घरातल्या मुलांना विचारा, ती अचूक सांगतात.

जेवणाच्या वेळा पूर्ण बदलतात. पहाटे चहा, शाळेआधी साडेनऊच्या सुमारास पोटभर डाळ-भात-तरकारी, दुपारी शाळेत खाजा, म्हणजे चिउरा (पोहे), चणे असं काहीतरी, आणि रात्री पुन्हा डाळभात. पहिले पंधरा दिवस मला पोळीची फार आठवण आली. मग एक दिवस आमांनी ढिँडो केला, कोदोच्या पिठाचा. हातात घेतला आणि लक्षात आलं, कोदो म्हणजे आपली नागली. सुरगाण्यात ज्या पिठाची भाकरी खाल्ली होती, त्याच पिठाचा हा उकडलेला गोळा, गुंद्रुकाच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीच्या, आंबट रश्श्याबरोबर. त्या दिवसापासून जेवणाची तक्रार संपली. वाढणं थांबवायचं तर ताटावर हात धरून ‘पुग्यो’ म्हणा. नुसती मान हलवलीत तर आणखी एक डाव भात पडतो.

उष्ट्याचे नियम आपल्यासारखेच आहेत, जरा जास्त कडक. जुठो झालेलं भांडं परत पातेल्यात जात नाही, चुलीजवळ विचारल्याशिवाय जायचं नाही. बऱ्याच बाहुन-क्षेत्री, म्हणजे ब्राह्मण-क्षत्रिय, घरांमध्ये पाळीच्या दिवसांत बायका स्वयंपाकघरात जात नाहीत. मुलींनी जाताना हे माहीत असू द्यावं. माझी स्वतःची या बाबतीतली मतं ठाम आहेत, पण पहिल्या महिन्यात मी ती घरात मांडली नाहीत. पाहुणी होते, आणि त्या घरातल्या मुलींना पुढे कित्येक वर्षं तिथेच राहायचं होतं. चौथ्या महिन्यात थोरली मुलगी स्वतःहून विचारायला आली, ‘दिदी, तुमच्याकडे कसं असतं?’ तेव्हा रात्री बराच वेळ बोललो.

नाशिक कुठे आहे, हे सगळे विचारतात. त्र्यंबकेश्वर म्हटलं की थोरामोठ्यांना लगेच कळतं. नेपाळातही ललितपूरजवळ गोदावरी नावाचं ठिकाण आहे. तिथे बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत आला की मेळा भरतो, आपल्या सिंहस्थासारखाच. २०१५ साली दोन्हीकडे एकाच योगावर माणसं नाहत होती. हे कळलं तेव्हापासून शेजारच्या आजी मला ‘गोदावरीको नानी’ म्हणायच्या. नानी म्हणजे त्यांच्याकडे लहान मुलगी.

वर्गात

माझी मोठी चूक मी इथे केली, म्हणून सविस्तर सांगते. दुसऱ्याच दिवशी हेडसरांनी मला सहावी आणि सातवीचे इंग्रजीचे सगळे तास दिले. मी आनंदाने घेतले. गाणी, खेळ, चित्रं, मुलं खूश. दोन आठवड्यांनी बघितलं तर इंग्रजीच्या मिस त्या तासांना शिक्षकांच्या खोलीत एकट्या बसून वह्या तपासत असायच्या. अकरा वर्षं त्या शाळेत शिकवलेली बाई, आणि मुलं वर्गातून विचारत होती, ‘नयाँ मिस आज येणार ना?’ मी गेल्यानंतर त्या वर्गात उभं राहायचं होतं त्यांना, आणि मी त्यांची जागाच काढून घेत होते. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि विचारलं, आपण दोघी मिळून तास घेऊ या का? त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. ‘पहिला एक आठवडा तुम्ही माझा तास बघा,’ म्हणाल्या. बरोबरच होतं ते. मी ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

म्हणून पायऱ्या अशा धरा. पहिला पूर्ण आठवडा मागच्या बाकावर बसा. कोणती मुलं बोलत नाहीत, फळा कसा वापरतात, पाठाचं भाषांतर कधी होतं, ते बघा. मुलांची नावं लिहा आणि पाठ करा. दुसऱ्या आठवड्यापासून तासातली दहा मिनिटं मागून घ्या. महिन्याभराने तास दोघांचा होऊ द्या: एकाने पाठ घ्यायचा, दुसऱ्याने बाकांमधून फिरत अडलेल्या मुलाजवळ बसायचं, आणि पुढच्या दिवशी उलट. तुम्ही शिकवलेला प्रत्येक खेळ त्या शिक्षकांनी तुमच्यासमोर एकदा घ्यायला हवा. त्यांच्या हातून तो सुटसुटीत झाला तरच तो त्या शाळेत राहणार.

पाठ्यपुस्तक बाजूला ठेवू नका. भक्तपूरच्या सानोठिमीमधलं पाठ्यक्रम विकास केंद्र पुस्तकं काढतं आणि ती इंटरनेटवर मोफत मिळतात. नाशिकमध्ये असतानाच उतरवून वाचा. दहावीला एसईई नावाची परीक्षा असते, २०१६ पर्यंत तिला एसएलसी म्हणत. गावातल्या प्रत्येक घराचं लक्ष त्या परीक्षेकडे असतं. शेजारच्या खाजगी इंग्रजी शाळेला, तिथे वसतिगृह नसलं तरी, ‘बोर्डिङ’ म्हणतात आणि जरा बरी परिस्थिती असलेले आईबाप मुलं तिकडे पाठवतात. सामुदायिक शाळेच्या शिक्षकांना ही तुलना रोज ऐकावी लागते. तुम्ही ती तोंडाने कधीच करू नका.

आता मराठी माणसाला तिथे काय सोपं जातं ते सांगते. नेपाळी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, भाषेत ‘अ’, ‘द’ अशी उपपदं नाहीत, इन-ऑन-ॲट हे नामाला मागून लागतात. सगळं मराठीसारखं. त्यामुळे मूल कुठे चुकणार हे आपल्याला आधीच कळतं, कारण तिथेच आपणही चुकलो होतो. लंडनहून आलेल्या माणसाला हे कळायला बराच वेळ लागेल. आपल्या या जमेच्या बाजूचा पुरेपूर उपयोग करा.

काही चुका खास तिथल्या आहेत. ‘आय रीड इन क्लास फाइव्ह’ हे वाक्य प्रत्येक मूल म्हणतं, कारण पढ्नु या एकाच क्रियापदात वाचणं आणि शिकणं दोन्ही येतं. नुसतं चूक म्हणण्यापेक्षा फळ्यावर दोन चित्रं काढा, एक पुस्तक वाचणारी मुलगी आणि एक शाळेत जाणारी. दोन्हींखाली नेपाळीत एकच शब्द, इंग्रजीत दोन. मुलांना ही गंमत फार आवडते. उच्चारांत ‘स’ आणि ‘श’ एक होतात, ‘झेड’चा ‘ज’ होतो. आणि व्हीचं बघा: आपण ‘व्हिडिओ’ लिहितो, ते ‘भिडियो’ लिहितात, त्यामुळे ‘व्हेरी’ची ‘भेरी’ होते. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची, हे मी एका छोट्या आरशात प्रत्येकाला दाखवलं. सातवीच्या वर्गात तो आरसा बाकाबाकावरून फिरत होता आणि एकेक मूल ओठ चावून ‘व्हॅन, व्हॅन’ म्हणत होतं. सगळ्यात मागे बसणारा, महिनाभर एकही शब्द न बोललेला एक मुलगा, आरसा हातात आल्यावर हळूच ‘व्हेरी’ म्हणाला आणि त्याने मिसकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मिसने ‘राम्रो’, म्हणजे छान, म्हटलं. मला त्या सात महिन्यांतला तो दिवस सगळ्यात जास्त आठवतो.

‘हाउ आर यू?’ विचारलं की पूर्ण वर्ग उभा राहून एका सुरात ‘आय ॲम फाइन, थँक यू सर’ म्हणतो, समोर बाई असली तरी. हा सूर मोडायला मी दोन-दोन मुलांना प्रश्न द्यायला लागले, ज्यांची उत्तरं सारखी असूच शकत नाहीत. घरी किती बकऱ्या? आज सकाळी पाणी कुणी आणलं? सुंतल्याची झाडं किती? स्यांगजा संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिकडे संत्र्याला सुंतला म्हणतात. संत्र्यांवर बोलताना मुलांकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सांगण्यासारखं असतं, आणि ज्याच्याकडे सांगायला काही असतं तोच बोलतो. मी बदल्यात द्राक्षांचं सांगायचे: मांडव कसा असतो, छाटणी दोनदा का करतात, अवकाळी पावसाने काय होतं. निफाडच्या बागेचे चार फोटो नेले होते, त्यांवर दोन आठवडे धडे झाले.

साहित्य विकत घेऊन नेण्यात पैसे घालवू नका. जुन्या भित्ते पात्रोची पानं मागून कोरी असतात. ती अर्धी कापून, दोऱ्याने शिवून आम्ही सोळा पानी पुस्तकं केली. प्रत्येक मुलाचं एक पुस्तक, ‘माय हाउस’. चित्र मुलाचं, वाक्यं मुलाची, मिसने आणि मी फक्त शुद्धलेखन बघायचं. शनिवारच्या सुट्टीत मुलांनी ती घरी वाचून दाखवली. रविवारी शाळा भरली, तेव्हा तीन आया ती पुस्तकं बघायला शाळेत आल्या. मी होते त्या काळात तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी होती. रविवारी कामावर जायची सवय व्हायला मला थोडा वेळ लागला.

मार, फोटो, भेटी

वर्गात छडी दिसेल. नेपाळात २०१८ च्या बालविषयक कायद्याने मुलांना मारायला बंदी आहे, आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आहे, आणि दोन्हीकडे छडी अजून पुरती गेलेली नाही. वर्गात सगळ्यांसमोर शिक्षकांना अडवू नका, त्याने मुलाचं काहीच भलं होत नाही. तास संपल्यावर एकट्याने बोला. गंभीर काही दिसलं तर हेडसरांकडे जा, आणि तरीही थांबलं नाही तर १०९८ वर फोन करा. गप्प बसणं हा पर्याय माझ्या लेखी नाही.

मुलांचे फोटो शाळेच्या आणि घरच्यांच्या परवानगीशिवाय काढू नका, काढलेत तर चेहरा ओळखू येईल असा फोटो इंटरनेटवर टाकू नका. पहिल्या दिवशी पेन-चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर शाळेच्या कपाटासाठी शब्दकोश द्या, हेडसरांच्या हातात, गाजावाजा न करता. मी नाशिकचे बेदाणे आणि चिवडा नेला होता, तो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मिळून खाल्ला.

असारचा पाऊस आणि घरची ओढ

तिसऱ्या महिन्यात मन उतरतं, बहुतेकांचं उतरतं. माझ्या बाबतीत ते असारमध्ये, म्हणजे त्यांच्या आषाढात, झालं. सलग आठ दिवस पाऊस, पायवाटेवर जुका, म्हणजे जळवा, वीज नाही, अर्धी मुलं रोपाईंला शेतात. वर्गात नऊ जण. वाटलं, आपण इथे काय करतोय? त्या आठवड्यात मी शिकवण्याचा आग्रह सोडला आणि मिसबरोबर त्यांच्या शेतात भात लावायला गेले. इगतपुरीकडची लावणी लहानपणी बघितली होती, हात मात्र पहिल्यांदा चिखलात घातला. तिथे बांधावर बसून आम्ही पुढच्या दोन महिन्यांच्या तासांची आखणी केली.

जळवांसाठी मीठ जवळ ठेवा. पाणी उकळूनच प्या. कुत्रा चावला तर जखम साबणाने भरपूर वेळ धुवा आणि त्याच दिवशी लस गाठा, उद्यावर टाकू नका. गरम कपडे पावसाळ्यातही लागतात. घरी फोन करायची ठरलेली वेळ ठेवा, पण रोज तासभर नको. रोज बोलत राहिलं की मन नाशिकमध्येच राहतं.

निघताना

कधी परत जाणार, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगा आणि पात्रोवर ती तारीख दाखवा. ‘मी पुन्हा येईन’ असं, तिकीट हातात असल्याशिवाय म्हणू नका. मुलं ते वाक्य लक्षात ठेवतात.

दसैं-तिहारच्या, म्हणजे दसरा-दिवाळीच्या, सुट्टीनंतर माझा महिनाभर उरला होता. त्या महिन्यात मी वर्गात पुढे उभं राहणं जवळजवळ थांबवलं. मिस तास घ्यायच्या, मी मागे बसून लिहायचे. त्यातून एक वही झाली: कोणता खेळ कोणत्या धड्याला, किती मिनिटं, कुठे फसला, कोणत्या मुलाला काय अडतं. अर्धी वही त्यांच्या अक्षरात आहे, अर्धी माझ्या, आणि ती त्यांच्या कपाटात आहे. माझ्याकडे तिची झेरॉक्स आहे. आरसाही मी तिथेच ठेवला.

निघायच्या दिवशी आमांनी कपाळभर टीका लावला, गळ्यात सयपत्रीची, म्हणजे झेंडूची, माळ घातली. ती माळ भैरहव्याला पोचेपर्यंत मी काढली नाही.

आता दर शनिवारी मिसचा फोन येतो. त्यांच्या सकाळच्या सात वाजता, म्हणजे आपल्या पावणेसातला, कारण नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे. गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं, आठवीला ‘हॅव बीन’ कसं समजावू? मी माझी रीत सांगितली, त्यांनी त्यांची सांगितली. त्यांची चांगली होती, ती मी वहीच्या झेरॉक्सवर लिहून घेतली.